चौदाव्या ओळीतला नऊ

१

माझ्या तक्त्याला आजवर शुद्धिपत्र लागलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यापायीच घडलं, आणि खोटा नम्रपणा मला कधी जमला नाही.

मी सांख्यिकी कार्यालयात गुन्हे शाखेची प्रमुख. देशाचे बावीस विभाग. प्रत्येकात वर्षभरात किती खून, किती दरोडे, किती जबर मारहाणी, आणि दर लाख माणसांमागे ते किती पडतात, हे सगळं एका पानावर आणायचं. कोणता विभाग वर, कोणता खाली, हे शेंबड्या पोरालाही कळलं पाहिजे. लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं, बेरीज आणि भागाकार! नुसता आकडा वाचून ‘तिकडे फार खून होतात हो’ म्हणणारी माणसं मला डोळ्यांसमोर नकोत. जिथे माणसंच जास्त, तिथे मरणारेही जास्तच असणार. आधी भागून बघा, मग तोंड उघडा.

आता आमच्याकडची एक पद्धत समजून घ्या. वार्षिक पुस्तक एक जानेवारीला मंत्र्यांच्या हातात पडलंच पाहिजे, म्हणून ते एकवीस डिसेंबरला छापखान्यात जातं. पण वर्षाचे दहा दिवस तर तेव्हा उरलेलेच असतात. त्या दहा दिवसांत कुठे किती माणसं मारली जातील, ते आम्ही अंदाजाने लिहितो. एकतीस तारखेला संध्याकाळी सहाला वर्ष बंद. विभागांकडून खरे आकडे येतात, आणि ज्याचा अंदाज चुकला त्याच्या पानाला शुद्धिपत्र जोडलं जातं. चोरी शाखेला दर वर्षी दोन-दोन पानं लागतात आणि त्यांना त्याची लाजही वाटत नाही.

सगळं कार्यालय अंदाज पेन्सिलीने लिहितं. मीही पहिली तीन वर्षं तसंच लिहिलं. एकदाही खोडायची वेळ आली नाही, तेव्हा चौथ्या वर्षी पेन्सिल कपाटात टाकली आणि सरळ शाईने लिहायला लागले. तेव्हापासून मला ‘पेनबाई’ म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण मला ठाऊक आहे, आणि खरं सांगू, आवडतं.

‘हे जमतं कसं?’ असं पुष्कळांनी विचारलं. थंडी किती आहे, पगार झालाय का, मागच्या दहा वर्षांत काय झालं, हे मी बघायची आणि आकडा लिहायची. बंदराच्या विभागात आठ लिहिले तर आठच. खाणींच्या विभागात तीन लिहिले तर तीन. अभ्यास आहे, असं मी म्हणायची. या कामात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

२

चौदावा विभाग म्हणजे डोंगरातलं एक मोठं तळं आणि त्याच्या काठाने पसरलेली गावं. लोकवस्ती नव्वद हजार. सहा वर्षांत एक खून नाही. बावीस ओळींत तीच एक ओळ अशी, की तिथे शून्य लिहिताना हात हलका व्हायचा.

माझी लेक डॉक्टर आहे, चौतीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिला चार ठिकाणांहून बोलावणं होतं. लोक अशा वेळी भाडं बघतात, पाणी बघतात, शाळा बघतात. मी तक्ता काढला, चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, “इथे जा. डोळे मिटून जा.” ती गेली. नवराही तिच्या मागोमाग गेला आणि तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागला.

हा आमचा जावई म्हणजे हसरा प्राणी. पहिल्याच महिन्यात मला फोन करून म्हणाला, “आई, तुमच्या विभागात एवढी शांतता आहे की कुत्रीसुद्धा परवानगी काढून भुंकतात.”

“जावईबापू,” मी म्हटलं, “तक्ता बघून दिलेली जागा आहे. पावती सांभाळून ठेवा.”

त्या वर्षी एकवीस डिसेंबरला मी शेवटच्या ओळी भरत होते. मी ओळीखाली लाकडी पट्टी ठेवते, नजर घसरू नये म्हणून. बारावी ओळ झाली आणि लेकीचा फोन आला. जानेवारीत मी निवृत्त होणार होते, सत्कार ठरला होता, आणि ती मला चिडवत होती, “आई, भाषणात निदान दोन वाक्यं तरी दुसऱ्यांबद्दल बोल हं.” फोन खांद्यात धरून मी हसले, हसता हसता तेरा आणि चौदा भरले, पट्टी खाली सरकवली आणि बावीसपर्यंत गेले. छापखान्याचा माणूस दारात घड्याळ बघत उभाच होता. साहेबांनी सही केली, पान गेलं.

३

तेवीस तारखेला लेकीचा पुन्हा फोन आला. आवाज बसलेला.

“आई, काल इथे खून झाला.”

मला आधी राग आला. कोणाचा? खोटं कशाला बोलू, त्या मेलेल्या माणसाचाच आला. सहा वर्षांचं शून्य घालवलं मेल्याने.

“कोण होतं?”

“बेकरीवाला. त्याच्या भावानेच मारलं. भट्टीतली सळई असते ना, तिने. चाळीस वर्षं दोघं एका भट्टीपुढे उभे राहिलेत, आई. भांडण नाही, वाटणी नाही, काही नाही. तपासणी मीच केली. इथे आल्यापासून पहिलीच.”

“दारू?”

“छे. त्याच्या हाताला भाजलं होतं म्हणून पोलीस त्यालाही माझ्याकडे घेऊन आले. मी पट्टी बांधत होते. अगदी शांत बसला होता. मग मला विचारलं, ‘डॉक्टरबाई, हा कितवा?’”

“कितवा म्हणजे?”

“तेच मी विचारलं. तर म्हणाला, ‘नाही, कितवा ते कळलं म्हणजे बरं.’ मी म्हटलं, पहिलाच. तर मान हलवली. रांगेत नंबर सांगितल्यावर माणूस हलवतो ना, तशी.”

मी तिला म्हटलं, धक्क्याने माणूस काहीही बरळतो, तू जेवून झोप. फोन ठेवला. खिडकीबाहेर दुपारचं स्वच्छ ऊन होतं, शेजारच्या खोलीत कोणीतरी कागदांना भोकं पाडत होतं, टक, टक, टक. मी त्या टकटकी मोजत बसले होते हे माझ्या नंतर लक्षात आलं. सवय आहे, दुसरं काय.

४

आमच्याकडे एक नकाशेवाला आहे. तक्त्यावरून तो देशाचा नकाशा रंगवतो. जिथे दर कमी तिथे फिका पिवळा, मग नारिंगी, मग तांबडा, आणि सगळ्यांत वाईट विभागाला काळपट लाल. वीस वर्षं आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना बसतो. कामाचा आळशी, जिभेचा तिखट. चोवीस तारखेला तो छापखान्यातून आलेलं पान घेऊन माझ्या टेबलाशी आला.

“बाई, अभिनंदन. लेकीचा विभाग देशात पहिला आला की!”

“सगळ्यांत कमी दर नेहमी तिचाच असतो. नवीन काय?”

“खालून नव्हे, वरून.”

त्याने पान पसरलं. तळ्याचा तो एवढासा विभाग, नखाएवढा, नकाशावर काळपट लाल झाला होता. शेजारी बंदराचा तेरावा विभाग, जो दर वर्षी काळपट असायचा, तो तांबड्यावर उतरला होता.

मी कपाटातून मूळ तक्ता काढला. चौदाव्या ओळीत, माझ्या शाईत, माझ्या वळणात, नऊ. तेराव्यात शून्य. पट्टी एक ओळ खाली आधीच सरकली होती आणि मी हसत होते; बंदराचा नऊ तळ्याच्या ओळीत गेला आणि तळ्याचं शून्य वरच्या रिकाम्या घरात.

भागाकार आपोआप डोक्यात झाला. बंदराची वस्ती चोवीस लाख, डिसेंबरच्या एकवीसपर्यंत दोनशे तीन खून, लाखामागे साडेआठाच्या आत. तळ्याची वस्ती नव्वद हजार, खून नऊ, लाखामागे दहा. लहान विभागाचं हेच असतं. तिथे एक मेला तरी दर उडी मारतो.

“काय हो, रंग बरोबर आहे ना?” नकाशेवाल्याने विचारलं. डोळे बारीक करून बघत होता मेला.

सांगायचं होतं की हो, चूक झाली. तीन शब्द. एकतीस वर्षांत मी ते कधी बोललेच नव्हते, त्यामुळे ते कुठून काढायचे तेच कळेना.

“आकडा माझा आहे,” मी म्हटलं. “तू तुझा रंग सांभाळ.”

“रागावू नका. मला एक सांगा, तुमचे अंदाज इतके बरोबर का येतात, याचा कधी विचार केलात? मला वाटतं विभागांतले कारकून तुमचाच आकडा उतरवून परत पाठवतात. मोजतंय कोण वर्षाच्या शेवटी? पेनबाईंनी नऊ लिहिलेत, लिहा नऊ. झालं.”

तोंडावर ‘पेनबाई’ म्हणाला, ते एक वेळ सोडलं. पण माझ्या एकतीस वर्षांच्या अभ्यासाला कारकुनांची नक्कल म्हणाला! मी पान त्याच्या हातात कोंबलं आणि त्याला दार दाखवलं. तो गेल्यावर मात्र खुर्चीत बसले आणि मनाशी म्हटलं, तसंच असू दे रे देवा. कारकून लबाड असू देत.

५

मी बंदराच्या विभागात फोन लावला. तिथला कारकून माझ्या जुन्या ओळखीचा.

“बाई, विचारूच नका!” तो आनंदाने ओरडत होता. “बावीस तारखेपासून एक खून नाही! धक्क्यावर परवा सुरे निघाले होते, दोघं समोरासमोर उभे होते, आणि एकदम दोघांनी सुरे खाली टाकले आणि घरी गेले. आमचे साहेब खूश आहेत. गस्त वाढवली त्याचा गुण, म्हणतात.”

“तुम्ही आकडे कसे पाठवता?” मी विचारलं. “खरं सांगा. माझा बघून उतरवता का?”

तो दुखावला. “काय बोलता बाई! एकेका प्रेताची नोंद असते. नाव, वय, पत्ता, वेळ. तुमचं पुस्तक तर आमच्याकडे पोचतं फेब्रुवारीत.”

मी फोन ठेवला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते म्हणतात. पडते. पण एकतीस वर्षं, बावीस फांद्या, आणि कावळा दर वेळी नेमका? हा प्रश्न मी या आधी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. कौतुक होत असताना माणूस प्रश्न विचारत नाही.

बंदरावर नऊ माणसं जिवंत फिरत होती, जी एरवी फिरली नसती. त्यांना माझा पत्ता माहीत नव्हता. आणि तळ्याकाठी नऊ माणसं होती, त्यांनाही नव्हता.

सव्वीसला लेक म्हणाली, चार. नावेवाल्याला त्याच्या भागीदाराने बुडवलं. शिवणकाम करणाऱ्या बाईला तिच्या बहिणीने कात्रीने मारलं. चौथा पोस्टातला. दर वेळी घरातलं किंवा अगदी जवळचं माणूस, आणि दर वेळी त्या माणसाकडे कारण म्हणून सांगायला काहीच नाही.

“त्या बहिणीने पण विचारलं,” लेक म्हणाली. “कितवा.”

“आणि तू सांगितलंस?”

“सांगितलं. सांगितल्यावर शांत होतात, आई.”

मी म्हटलं, तू इकडे निघून ये. आजच्या आज, दोघंही या. ती म्हणाली, “मी इथली एकटी डॉक्टर आहे. मी गेले तर या माणसांचं कोण बघणार? तू कधी कामावरून पळालीस का?” माझीच मुलगी. तिच्या त्या ताठपणाचा मला त्या क्षणीसुद्धा अभिमान वाटला, काय करू!

मग मी हिशेब केला. नव्वद हजारात नऊ. म्हणजे एकेकाला धोका दहा हजारात एक. चार होऊन गेले, उरले पाच, म्हणजे अठरा हजारात एक. आयुष्यभर मी लोकांना हेच शिकवलं होतं, घाबरू नका, भागून बघा. मी भागून बघितलं आणि त्या रात्री झोपले. पहाटे जाग आली ती याच विचाराने की त्या शिवणकामवालीचाही धोका दहा हजारात एकच होता.

६

एकोणतीसला सात झाले. सकाळी मी साहेबांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. ठरवून गेले होते. आकडा बदलला तर काय होईल ते मला माहीत नव्हतं, पण पुस्तक अजून बांधायचं होतं, एक चिठ्ठी चिकटवून ‘चौदा : सात’ एवढं छापता आलं असतं. मग कदाचित सातावर थांबलं असतं. हसू नका. मीही स्वतःला हसत होते आणि तरी गेले होते.

आत साहेब कोणा पाहुण्यांना माझी सत्काराची पाटी दाखवत होते. पितळेची. “एकतीस वर्षं,” साहेब सांगत होते, “एकतीस वर्षांत या बाईंच्या पानाला शुद्धिपत्र नाही. आमच्याकडे नव्या माणसांना आम्ही यांचा तक्ता दाखवतो. म्हणतो, असं काम करा.” पाहुणे ‘वा वा’ म्हणाले. पितळेवर खिडकीतलं ऊन पडलं होतं. दाराच्या फटीतून मला माझं नाव दिसत होतं.

“कोण आहे?” साहेबांनी विचारलं. “या, या बाई. काय काम होतं?”

“दोन दिवसांची रजा हवी होती,” मी म्हटलं. “लेकीकडे जाऊन येते.”

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात ना, ती मी.

तीस तारखेला बसने निघाले. बसमध्ये मी स्वतःला समजावत होते की मी लेकीच्या रक्षणाला चालले आहे. तेही खरंच होतं. दार लावून घेईन, तिला नजरेआड होऊ देणार नाही, एकतीसचे सहा वाजले की वर्ष बंद, संपलं. आकडाही तसाच राहील आणि लेकही. माणसाला दोन्ही हवं असतं.

दवाखान्यामागे एका ओळीत चार घरं होती, शेवटचं त्यांचं. दोन खोल्या, पुढे बैठकीची, मागे स्वयंपाकघर. बैठकीत फोन, भिंतीला घड्याळ, खिडकीतून तळं. पोचले तेव्हा लेक नुकतीच दवाखान्यातून आली होती. मला मिठी मारून म्हणाली, “आठ झाले, आई.” तिच्या केसांना औषधाचा वास येत होता.

७

एकतीसला कोणी कामावर गेलं नाही. मी दोघांना हट्टाने घरात बसवलं. लेक म्हणाली, आणीबाणी आली तर मी उठणार, तेवढ्या अटीवर ती थांबली. दाराला आतून कडी घातली. गल्लीत माणूस नव्हतं. घराघरांतून माणसं अशीच बसली असणार, एकमेकांकडे बघत. आपलं जवळचं माणूसच घात करतंय म्हटल्यावर कडी तरी कोणत्या बाजूने घालायची?

हे माझ्या डोक्यात दुपारी दोनला आलं. जावई समोर बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. लेकीने विचारलेल्या शब्दाला काहीतरी वेडंवाकडं उत्तर देऊन तिला हसवत होते. अगदी नेहमीसारखे. मग कागदावरून मान वर न करता त्यांनी विचारलं, “आई, आतापर्यंत आठच ना?”

“आठ,” मी म्हटलं. “का?”

“काही नाही. सहज.” आणि पुढचा शब्द लिहिला.

सहजच असणार. त्या दिवशी त्या विभागातल्या प्रत्येक घरात कोणीतरी तेच विचारत असणार. मी स्वतःला तीनदा तसं बजावलं. तरी मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच. जावई पाणी प्यायला उठले की मी उठायची. लेक म्हणाली, “आई, काय चाललंय तुझं? पाहुणी आहेस की पोलीस?”

चार वाजले. पाच वाजले. आठावर आकडा थांबला होता. आणि आता जे सांगते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. साडेपाच वाजता मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्या सुटकेच्या खाली, अगदी तळाशी, काहीतरी टोचत होतं. आठ. म्हणजे माझा अंदाज एकाने चुकला. पाटी पितळेची तयार आहे आणि पान चुकलं.

माझी मलाच शिसारी आली. स्वयंपाकघरातून दोघांचा आवाज येत होता. लेक भांडी विसळत होती, नळ सोडला होता, जावई भाजी चिरता चिरता कोणत्या तरी मास्तरची नक्कल करत होते आणि ती “बास, बास” म्हणत पोट धरून हसत होती. लहानपणी हसायची तशीच. ते हसणं ऐकलं आणि माझ्यातला तो पीळ सुटला. कसली पाटी आणि कसलं पान! मी फोन उचलला आणि साहेबांना लावला.

“साहेब, माझी चूक झाली आहे,” मी म्हटलं. निघाले एकदाचे शब्द. “तेरा आणि चौदाची अदलाबदल झाली. चौदामध्ये आठ करा. शुद्धिपत्र जोडा. माझ्या नावाने जोडा.”

साहेब हसले. “अहो बाई, सुट्टीवर पण काळजी! कसली चूक? चौदाचा आकडा आत्ताच आलाय. कागद समोर आहे माझ्या. नऊच आहेत.”

“नऊ नाहीत, साहेब. मी इथेच आहे. माझी मुलगीच तपासणी करते. आठ झालेत.”

“थांबा, वाचून दाखवतो. नववी नोंद... दवाखान्यामागची घरं, शेवटचं घर. स्त्री, वय चौतीस. पतीकडून. वेळ पाच पन्नास.” कागद सळसळला. “बघा. तुमचा अंदाज तंतोतंत. मी तर आता सगळ्यांना बोलावून सांगणार आहे.”

भिंतीवर पाच सेहेचाळीस झाले होते.

चार मिनिटं होती. स्वयंपाकघराचं दार माझ्यापासून सहा पावलांवर होतं, आणि मला हाक मारता येत होती, धावता येत होतं, तिच्या अंगावर जाऊन पडता येत होतं. पण देवाशपथ सांगते, पहिल्यांदा माझी छाती फुगली. नऊ. बरोबर आला. एकतीस वर्षं, आणि घसरलेल्या पट्टीनेसुद्धा बरोबर आला. अंगातून एक ऊब गेली, आणि ती ऊब संपू नये असं वाटलं.

“किती म्हणालात, साहेब?” मी विचारलं.

“नऊ.”

“पुन्हा एकदा सांगा.”

त्यांनी सांगितलं. मग आणखीही पुष्कळ सांगितलं, की अशी माणसं आता होत नाहीत, की मंत्र्यांपुढे ते स्वतः माझा उल्लेख करणार आहेत, आणि मी ‘हं, हं’ म्हणत ऐकत राहिले. फोन ठेवून मान वर केली तेव्हा घड्याळात पाच एक्कावन्न झाले होते. स्वयंपाकघरात कोणी हसत नव्हतं. नळ तेवढा वाहत होता, आणि तो कोणी बंद करत नव्हतं.